आजारपण आणि दुखापतीनंतर पुन्हा धावायला लागताना

फुप्फुसाच्या संसर्गामुळे माझं धावणं सात महिने बंद होतं. पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिले तीन आठवडे इतके छान गेले की दिवसाआड धावायचं ठरवलेलं असताना मी रोज धावायला लागले. दम पुरत होता, झोप गाढ लागत होती, अंगात त्राण आलं होतं. चौथ्या आठवड्यात डावी नडगी दुखायला लागली. एका संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसून मी नडगीच्या हाडावरून अंगठा दाबत वरून खाली नेला, आणि एका जागी अशी कळ आली की हात आपोआप मागे आला. त्या जागेच्या दोन बोटं वर काही नाही, दोन बोटं खाली काही नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर. पुढचे तीन महिने धावणं पुन्हा बंद.

त्या तीन महिन्यांत जे समजलं ते असं. शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या वेळेने उत्तर देतो. दम तिथल्या तिथे सांगतो. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतं. आजारातून उठलेलं शरीर एकदोन दिवसांनी सांगतं. हाड तीन-चार आठवडे काहीच बोलत नाही. मी फक्त दमाचं ऐकलं होतं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका समजुतीवर उभ्या आहेत: पुढे सरकायच्या आधी सगळ्यात उशिरा बोलणाऱ्याचं उत्तर येऊ द्यायचं.

दम लवकर परततो, हाड मागे राहतं

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं होतं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप, व्हीओटू मॅक्स, तेवढ्या काळात पाव हिश्श्याहून जास्त घसरलं. ३० वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. मधल्या तीस वर्षांत वाढलेल्या वयाने त्यांची क्षमता जितकी कमी केली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत कमी झाली होती. तेव्हा आजारपणानंतर एक जिना चढून धाप लागली तर आपलं आता संपलं असं मानू नका. पडून राहण्याचा परिणामच तेवढा मोठा असतो. आणि त्या तरुणांनी अंथरुणातून उठल्यावर सुमारे दोन महिन्यांच्या व्यायामात गमावलेलं परत मिळवलं, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

दम लवकर परतण्याचं एक कारण रक्तात आहे. पडून राहिल्यावर काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो. हालचाल सुरू झाली की तो थोड्याच दिवसांत भरून यायला लागतो. हृदयाच्या एका ठोक्यासरशी जास्त रक्त ढकललं जातं आणि परवा जड गेलेला वेग आज हलका वाटतो. हा बदल खरा असतो, मनाचे खेळ नसतात. पण तो पायांबद्दल काहीही सांगत नाही.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर परत येतो. ६० किलो वजनाच्या माणसाचा पाय दर पावलाला १२० ते १८० किलोचा भार झेलतो, आणि मिनिटाला साधारण १६० पावलं पडतात. अकिलीस टेंडनवर, म्हणजे टाचेमागच्या जाड पट्ट्यावर, तर वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. चालताना एक पाय सतत जमिनीवर असल्यामुळे हा भार वजनाच्या थोडाच वर जातो. म्हणूनच तासभर आरामात चालणाऱ्या माणसाचं पाच मिनिटांच्या धावण्याने दुखू शकतं.

नवा भार पडला की हाड आधी जुना भाग विरघळवतं आणि मग त्या जागी नवा भाग घडवतं. विरघळवायला सुमारे तीन आठवडे लागतात, घडवायला महिने. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. माझी नडगी चौथ्या आठवड्यात बोलली त्याचं कारण हेच. टेंडनचं घड्याळ छोटं असतं, पण रीत तीच: धावल्यानंतरचा पहिला दीड दिवस त्यातले तंतू घडण्यापेक्षा मोडतात जास्त, त्यानंतर पारडं घडण्याकडे झुकतं. दिवसाआड धावायचं ते या हिशोबाने. आळस किंवा भित्रेपणाचा त्यात काही संबंध नाही.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

“मी आता धावू का?” या प्रश्नाला “हळूहळू सुरू करा” एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा नेमके प्रश्न घेऊन जा.

पहिला प्रश्न हृदयाचा. आजार विषाणूचा होता आणि त्या काळात छातीत दुखलं, धडधड झाली किंवा चक्कर येऊन पडलात, तर हृदयाच्या स्नायूला सूज आली होती का ते विचारा. तशी सूज, म्हणजे मायोकार्डायटिस, झाली असेल तर साधारण ३ ते ६ महिने जोरकस व्यायाम वर्ज्य असतो आणि पुन्हा तपासण्या केल्याशिवाय सुरुवात करायची नसते. यात घासाघीस नाही.

दुसरा प्रश्न रक्ताचा. लांबलेल्या आजारानंतर हिमोग्लोबिन कमी झालेलं असणं अगदी नेहमीचं आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो, म्हणून फेरिटिनही तपासून घ्यावं का ते विचारा. मात्र फेरिटिन अंगात सूज किंवा संसर्ग असताना खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा आकडा डॉक्टरांकडूनच वाचून घ्या.

तिसरा प्रश्न औषधांचा, आणि हा विचारायचा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालल्या असतील तर हाडं आणि स्नायू दोन्ही अशक्त झालेले असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं टेंडनला इजा करू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००८ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर सगळ्यात ठळक प्रकारचा इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि सोबत स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त, आणि त्रास औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी नेहमीसारखी वर जाणारच नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातले हृदयगतीचे टप्पे बाजूला ठेवा आणि बोलण्यावरून श्रम जोखा. ते कसं, ते पुढे सांगते.

दुखापत हाडाची असेल तर कुठल्या हाडाची, हे विचारा. मांडीच्या हाडाची खुब्याजवळची मान, घोट्यापुढचं नॅव्हिक्युलर हाड, नडगीची पुढची कड आणि पायाच्या करंगळीच्या रेषेतल्या हाडाचा मागचा भाग या जागा बऱ्या व्हायला कुचराई करतात. तिथे “दुखत नाही” एवढ्यावर धावायला लागू नये, डॉक्टरांची स्पष्ट परवानगी हवी. शस्त्रक्रिया झाली असेल तर तारीख तुमच्या शल्यचिकित्सकांनी आणि फिजिओथेरपिस्टनी ठरवायची.

बरेच दिवस पडून राहिलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर ती चोळत बसू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या उपचाराला जायचं.

श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळत असाल तर

काही आजारांनंतर, विशेषतः कोविड लांबलेल्यांमध्ये आणि एमई/सीएफएस या दीर्घ थकव्याच्या आजारात, श्रमाचा परिणाम उलटा होतो. त्या दिवशी ठीक वाटतं आणि एकदोन दिवसांनी माणूस पार गळून जातो. अंग ठणकतं, डोकं जड होतं, साधं वाचलेलं समजत नाही, आणि हे कित्येक दिवस चालतं. व्यायामानंतरच्या अंगदुखीपेक्षा हे वेगळं आहे. अंगदुखीत स्नायू दुखतात पण डोकं साफ असतं, आणि थोडं चाललं की बरं वाटतं.

असं होत असेल तर या लेखातला पुढचा तक्ता तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता नाही. “रोज थोडं थोडं वाढवत चला” हा सल्ला अशा शरीराला आणखी खाली नेऊ शकतो. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये एमई/सीएफएससाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली ती याच कारणाने. अशा वेळी काम उलट दिशेने करायचं: किती हालचाल केली तर दोन दिवसांनी काहीच होत नाही ती मर्यादा शोधायची आणि काही आठवडे तिच्या आतच राहायचं. ती मर्यादा दहा मिनिटं चालण्याची असेल, घरात वावरण्याचीही असेल. जिद्द दाखवायची तर ती थांबण्यात दाखवा. हे लिहायला सोपं आणि जगायला फार अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

उभं राहिल्यावर धडधड होत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तेही तपासून घ्या. पाच मिनिटं पडून नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटं मोजत राहा. ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले तर तो आकडा लिहून डॉक्टरांकडे न्या. मोजताना जवळ कुणीतरी असू द्या.

धावण्याआधीचं चालणं

परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशी बूट घालून निघायचं नाही. आधी चालायचं, आणि नीट चालायचं. सपाट रस्त्यावर ३० मिनिटं झपाझप चालता आलं पाहिजे. लंगडणं नको, दुखणं वाढायला नको, दुसऱ्या दिवशी थकवा उरायला नको. हे आठवड्यातून चार-पाच वेळा, निदान दोन आठवडे. आज दहाच मिनिटं जमत असतील तर दहापासून सुरुवात करा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी दोन-तीन मिनिटं वाढवा.

मग घरातच चार गोष्टी करून पाहा. दुखऱ्या पायावर ३० सेकंद तोल सांभाळून उभं राहणं. एका पायावर खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं. तेव्हा गुडघा आत कलतो का ते आरशात बघा. एका पायावर टाच उचलून चवड्यावर येणं, वीस वेळा. आणि शेवटी एका पायावर जागच्या जागी दहा उड्या. उडी मारताना दुखलं किंवा तो पाय उडी मारायला धजावलाच नाही, तर अजून वेळ आलेली नाही. धावणं म्हणजे एका पायावरच्या हजारो उड्याच आहेत. दोन्ही पायांची तुलना करा. दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या जवळपास तरी पोचायला हवं.

हाडाची दुखापत होऊन गेली असेल तर उड्यांच्या आधी अंगठ्याची चाचणी करा. दुखापतीच्या जागेवर दाबून कळ येत असेल तर उड्या मारून बघायचीही गरज नाही.

पोटऱ्यांवर आधी मेहनत

एवढ्या सगळ्यातून एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी टाचा उचलण्याचा निवडेन. धावताना शरीर पुढे ढकलण्याचं सगळ्यात मोठं काम पोटरी करते, आणि अंथरुणावर पडल्यावर ती झपाट्याने बारीक होते. आंघोळीच्या वेळी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवून बघा, फरक हाताला कळतो.

पायरीच्या कडेवर चवड्याने उभे राहा, कठड्याला बोटं टेकवा. तीन मोजत वर, क्षणभर थांबा, तीन मोजत खाली. घाई केली की काम स्नायूऐवजी उसळीच करून टाकते. आधी दोन्ही पायांवर १५ वेळा, तीन फेऱ्या. ते सोपं झालं की दोन पायांनी वर आणि एका पायाने खाली. मग पूर्ण एका पायावर. एका पायावर वीस-पंचवीस जमायला लागले की पाठीवरच्या पिशवीत वजन घ्या. टाचेच्या हाडाला जिथे टेंडन चिकटतं तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा.

हाच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करायचा. पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. गुडघा सरळ असताना वरचा फुगीर स्नायू जास्त राबतो. गुडघा वाकला की त्याच्याखालच्या सोलियसवर भार येतो, आणि धावताना जास्त ओझं तोच सोलियस वाहतो. बहुतेकजण सरळ गुडघ्याने करून थांबतात.

याशिवाय मांडी आणि कुल्ल्यांसाठी खुर्चीतून एका पायावर उठणं, पायरीवरून सावकाश एक पाय खाली टेकवणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं एवढं पुरे. आठवड्यातून दोन दिवस. माझं मत असं की हे धावण्याच्या दिवशीच, काही तासांच्या अंतराने उरकावं. विश्रांतीच्या दिवशी ताकदीचे व्यायाम घातले की विश्रांतीचा दिवस नावालाच उरतो.

चाल-धाव: कसं वाढवायचं

थोडं धावायचं, थोडं चालायचं, ही रीत लोकप्रिय करण्यात १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांचा वाटा मोठा आहे. परतणाऱ्यांसाठी ती फार उपयोगी आहे, कारण भार तुकड्यांत पडतो आणि थकून चाल बिघडण्याआधीच पाय सावरतो.

आठवड्यातून तीन दिवस, मधे निदान एक दिवस मोकळा. प्रत्येक वेळी आधी दहा मिनिटं चालायचं, शेवटी पाच मिनिटं चालायचं. मधला भाग असा:

पायरी १: १ मिनिट धाव, ४ मिनिटं चाल, चार वेळा.
पायरी २: १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल, सात वेळा.
पायरी ३: २ मिनिटं धाव, २ मिनिटं चाल, सहा वेळा.
पायरी ४: ३ मिनिटं धाव, २ मिनिटं चाल, पाच वेळा.
पायरी ५: ५ मिनिटं धाव, २ मिनिटं चाल, चार वेळा.
पायरी ६: १० मिनिटं धाव, २ मिनिटं चाल, दोन वेळा, मग ५ मिनिटं धाव.
पायरी ७: ३० मिनिटं सलग.

पहिल्या पायरीत धावणं चारच मिनिटं आहे. तरी त्यात साडेसहाशेच्या आसपास पावलं पडतात, प्रत्येक पायावर तीनशेहून जास्त. सात महिने एकही न पडलेल्या पायासाठी हे थोडं नाही.

प्रत्येक पायरीवर निदान तीन धावा, म्हणजे एक आठवडा. हाडाची दुखापत असेल, स्टिरॉइड चालली असतील, आजार सहा महिन्यांहून लांबला असेल, तर प्रत्येक पायरीला दोन आठवडे द्या. आणि कुठल्याही परिस्थितीत दर चौथ्या आठवड्यात एक पायरी खाली उतरा. हाडाचं उशिरा येणारं उत्तर याच आठवड्यात ऐकू येतं. वर चढता चढता ते दबून जातं.

वेग किती? धावताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, चालणाऱ्याने मागे टाकलं तरी चालेल. पावलं छोटी ठेवा. पावलांची गती ५ ते १० टक्क्यांनी वाढवली आणि वेग तोच ठेवला की पाय शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. पावलांचा आवाज ऐका: धपधप येत असेल तर पावलं लांब पडताहेत.

जमीन सपाट निवडा. उतारावर मांड्या आणि गुडघे भरून येतात, मऊ वाळूत अकिलीस टेंडनवर जादा ताण येतो, खाचखळग्यांत मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. घरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटांचा तळ दाबून बघा. कडक झाला असेल तर ते बूट चालण्याला ठेवा.

आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,२०० हून जास्त धावपटूंच्या अभ्यासात वेगळीच गोष्ट पुढे आली: आधीच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली, तर दुखापतीची शक्यता वाढत होती. आठवड्याची बेरीज सांभाळूनही एकाच दिवशीचा हावरेपणा महागात पडतो. तेव्हा छान वाटतंय म्हणून त्या दिवशी आणखी पाच मिनिटं, हे करायचं नाही. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदला: वेळ वाढवत असाल तर वेग तोच, चढ घेत असाल तर वेळ कमी.

दुखणं कुठलं, ते ओळखणं

दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्या. टेंडनच्या जुन्या दुखण्यात थोडं दुखत असताना धावणं चालतं. अकिलीस टेंडनवर काम करणाऱ्या स्वीडनमधल्या संशोधकांनी तर दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं चालवून घेतलं होतं, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. आजारातून उठलेल्यांनी मात्र तीनच्या वर जाऊ नये, असं मला वाटतं.

सकाळची तपासणी मी जिन्यावर करते. उठल्या उठल्या, अंग गरम व्हायच्या आत, कठड्यावर हलका हात ठेवून दहा पायऱ्या उतरायच्या. पहिल्या तीन पायऱ्यांना टाचेमागे ताठरपणा जाणवतो, चौथ्या-पाचव्याला जातो: ठीक. दहाव्या पायरीलाही पाय आखडलेलाच राहिला किंवा कठडा घट्ट धरावा लागला, तर कालचं धावणं जास्त झालं.

हाड आणि सांधा यांना ही सवलत नाही. बोटाने दाखवता येईल एवढ्या जागेत दुखणं, धावता धावता कमी होण्याऐवजी वाढत जाणं, रात्री पडल्यावर ठणकणं, ही हाडाची लक्षणं आहेत. इथे दहापैकी एक गुणही जास्तच. थांबा आणि दाखवून घ्या. गुडघा किंवा घोटा दुसऱ्या दिवशी सुजला तरी तसंच. उलट दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखताहेत आणि दोन दिवसांत ओसरताहेत, तर ते स्नायूंचं नेहमीचं दुखणं आहे.

लंगडत एक पाऊलही धावायचं नाही. एका पायाला वाचवताना दुसरा दुखावतो.

वही आणि पोट

एक वही करा. रोज सकाळी चारच नोंदी: पडल्या पडल्या मोजलेली नाडी, झोप कशी झाली, जिन्यावर काय जाणवलं, अंगात किती त्राण आहे. सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहा ठोक्यांनी वर असेल तर त्या दिवशी फक्त चाला. ताप असेल तर काहीच नाही. मला घड्याळापेक्षा वही जास्त भरवशाची वाटते, कारण घड्याळ कालच्या धावेचं कौतुक करतं आणि वहीत आजची सकाळ दिसते.

खाण्यात कंजुषी हा परतणाऱ्यांचा मोठा घात आहे. आजारपणात वाढलेलं वजन उतरवायची आणि धावायला लागायची वेळ एकच निवडली, तर हाड घडवायला लागणारा मालच शरीराला मिळत नाही. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, सारखी सर्दी होणं, भुकेमुळे झोप न लागणं, ही पोट अपुरं भरत असल्याची लक्षणं असू शकतात. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारा. वजनाचं नंतर बघता येतं.

मागे जावं लागलं तर

जावं लागतंच. आठवडा चुकला तर एक पायरी खाली उतरा. दोन आठवडे गेले तर दोन पायऱ्या. तीन किंवा जास्त गेले तर पुन्हा चालण्यापासून, फक्त या वेळी वर चढणं लवकर होतं. टेंडन चिडलं असेल तर पूर्ण झोपून राहू नका. धावणं कमी करा, टाचा उचलणं चालू ठेवा, कारण निव्वळ विश्रांतीने टेंडन आणखी कमकुवत होतं. मधे सर्दी-ताप आला तर ताप उतरून अंग पूर्ववत झाल्यावर दोन दिवस चाला, मग एक पायरी खालून सुरू करा.

एक गोष्ट मनाची. १९८४ साली जोन बेनॉइट यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, सतरा दिवसांनी त्यांनी अमेरिकेची ऑलिम्पिक निवड मॅरेथॉन जिंकली आणि ऑगस्टमध्ये महिलांच्या पहिल्याच ऑलिम्पिक मॅरेथॉनचं सुवर्णपदक घेतलं. पराक्रम खराच. पण त्या शस्त्रक्रियेला गेल्या तेव्हा जगातल्या सर्वोत्तम धावपटूंपैकी होत्या आणि त्यांचं धावणं काही दिवसच थांबलं होतं. त्यांची हाडं, टेंडन सगळं कसलेलं होतं. महिनोन् महिने अंथरुणावर काढलेल्या माणसाने ती गोष्ट स्वतःला लावू नये. तीच गोष्ट आपल्याच जुन्या वेळांची. ॲपमध्ये जुन्या धावा दिसत असतील तर त्या झाका आणि नवं पान उघडा. पहिले दोन महिने एकट्याने धावणं बरं, किंवा तुमच्या पायरीवर थांबायला तयार असलेल्या एकाच माणसासोबत. घोळक्यात वेग आपला राहत नाही.

आणि भीती वाटते. बरी झालेली जागा उगाच जाणवत राहते, प्रत्येक पावलाला कान तिथेच असतात. ते जायला वेळ लागतो. मला उड्यांनी मदत केली: दर दुसऱ्या दिवशी त्याच पायावर दहा उड्या, मोजून, वहीत लिहून. वीसेक नोंदी झाल्यावर त्या पायाकडे लक्ष जाणं कमी झालं.

३० मिनिटं सलग झाल्यावर

त्यानंतरचे चार आठवडे काहीही वाढवू नका. तीन दिवस, ३० मिनिटं, बोलता येईल असा वेग. हे चार आठवडे कंटाळवाणे वाटतात, पण हाडाला अजून उत्तर द्यायचं आहे. ते निर्विघ्न गेले तर आठवड्यातल्या एका धावेत तीन मिनिटं वाढवा, किंवा चौथा दिवस २० मिनिटांचा घ्या. दोन्ही एकदम नको.

वेग सगळ्यात शेवटी. आठवड्यातून एकदा, सोप्या धावेच्या अखेरीस, सपाटीवर १५ सेकंदांच्या चार चपळ धावा. पूर्ण जोर लावायचा नाही, हलक्या पावलांनी वेग घ्यायचा आणि प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटं चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून बघा, संध्याकाळी नडगीवरून अंगठा फिरवा, आणि चारच्या सहा करायच्या आधी तीन आठवडे जाऊ द्या.